बंद घराचं पान

आमच्या परिषदेच्या रबरी शिक्क्यावर एक झाड आहे. ते मोहाचं आहे असं मी सगळ्यांना सांगतो, कारण दुकानात मी मोहच सांगितला होता. पण शिक्के करणाऱ्याने मोह कधी पाहिला नसावा. पहिल्या बैठकीत मी मोठ्या ऐटीत कोऱ्या कागदावर शिक्का उमटवला, तेव्हा काकीने कागद लांब धरला, मग जवळ धरला, आणि म्हणाली, "फ्लावर बरा जमला हाय." त्या दिवसापासून मोखाड्याच्या डोंगरात आमची परिषद 'फ्लावरवाली' झाली. रजिस्टरमध्ये तिचं नाव चांगलं दीड ओळीचं आहे. ते माझ्याशिवाय कुणाला पाठ नाही.

डझनभर पाड्यांनी मिळून उभी केलेली ही परिषद. प्रत्येक पाड्यातून एक बाई आणि एक बाप्या. सरकारी नाही, कुणाच्या मालकीची नाही. ओढ्यावर दगड रचून पाणी अडवायचं, वणवा पुढे सरकू नये म्हणून डोंगरावर गवताची एक पट्टी आधीच जाळून ठेवायची, आटत चाललेल्या झऱ्यांभोवतीची झाडं राखायची, नागली-वरईचं जुनं बियाणं कुणाच्या घरात उरलंय ते शोधून गरजवंताला द्यायचं, अशी कामं. ही कामं बाकीचे करतात. मी सचिव, मी लिहितो. जव्हारच्या एका शाळेत मी लिपिक आहे आणि माझं अक्षर चांगलं आहे. चांगलं अक्षर असलेल्या माणसाच्या हाती आमच्याकडे कुणी कुदळ देत नाही. बांध घालायला गेलो की कुणीतरी बाई म्हणतेच, "भाऊ, तुम्ही सावलीत बसा, नावं लिवा." मी सावलीत बसतो आणि नावं लिहितो. घाम मलाही येतो, पण तो कुणी मोजत नाही.

काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. पोशेऱ्याकडच्या डोंगरात आमचा पाडा आहे, तिथून परिषदेवर ती येते. मी त्याच पाड्यात जन्मलो, पण येतो जव्हारहून. आधी आश्रमशाळा, मग नोकरी, मग नोकरीच्या गावी दोन खोल्या, मग त्या दोन खोल्यांवर स्लॅब. आई लवकर गेली. बाबांना मी जव्हारला किती वेळा बोलावलं. ते यायचे, एक रात्र झोपायचे आणि सकाळी म्हणायचे, "तुझ्याकडं कोंबडा कुठं आरवतो ते कळत नाय," आणि पहिल्या गाडीने परत. ते गेल्यापासून आमचं कारवीच्या कुडाचं घर बंद आहे. अगदी बंद असं नाही. त्यात काकाच्या बैलांचा पेंढा राहतो. तो माझ्यापेक्षा नियमित राहतो.

तीन वर्षांपूर्वी परिषदेने ठरवलं की रानभाज्यांची एक वही करायची. पोरं बाजारात विकायला म्हणून मुळासकट उपटून आणायला लागली होती. तेव्हा कुठली भाजी कधी येते, किती खुडायची, कुठली मागे ठेवायची, हे कुठेतरी लिहून असावं. बाया सांगायच्या, मी लिहायचो. लिहिता लिहिता कवळीवर आलो.

कवळी आमच्याकडे पावसाबरोबर येते. कातळाच्या कडेने, झाडाखाली, लांब हिरवी पात. लांबून बघणाऱ्याला गवतच वाटेल. तिच्या खाली मातीत मुळ्यांचा गुच्छ असतो, बाया त्याला कांदा म्हणतात, तो जगला तर पुढल्या वर्षी पात. म्हणून तिला एक नेम आहे. आधी गावाची कवळी व्हायची, मग घरोघरची. पात पुरेशी वर आली असं जाणत्या माणसाला वाटलं की तो आदल्या संध्याकाळी पाड्यात सांगतो. आमच्या पाड्यात हे काम काकाकडे आहे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरातून मूठभर पात येते, गावदेवीच्या दगडापाशी एकाच भांड्यात शिजते, आणि प्रत्येक चुलीचं एक सागाचं पान मांडलं जातं. देवीला घास, मग पानांवर वाढायचं. तोवर पाड्यातल्या कुणीही कवळी किंवा दुसरी नवी रानभाजी तोंडात घालायची नाही. खाल्ली तर त्या वर्षी गावाच्या कवळीत त्याला वाटा नाही.

"लिवलंस?" काकीने विचारलं.

"लिवलं."

"नीट लिव. आधीच खात बसलात तर खालचा कांदा मरंल. मग पुढल्या साली काय खाशील, तुझा शिक्का?"

बाया हसल्या, मीही हसलो, आणि माझ्या चांगल्या अक्षरात तो नेम लिहून खाली लाल रेघ मारली. ही लाल रेघ लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

तेवढ्यात जामसरकडचा एक म्हातारा, जो बैठकीत सहसा डोळे मिटूनच असतो, म्हणाला, "आमच्याकडं आथा निम्मीच पानं राहिलीत."

"का हो?"

"बंद घरांची काढली. भिवंडीला गेलेले, ठाण्याला गेलेले. त्यांची पानं मांडून खाणार कोण? दोन वर्षं मांडली. कुत्र्यांनी खाल्ली. मग काढली." आणि पुन्हा डोळे मिटले.

माझं पेन थांबलं. काकी समोरच बसली होती, मांडीवर हात ठेवून. 'आमचं पान मांडता का गं अजून?' एवढंच विचारायचं होतं. मी वहीवरची नसलेली धूळ झटकली आणि पुढची भाजी लिहायला घेतली.

त्यानंतर तीन वर्षं मी ते विचारलं नाही. जाऊन बघता आलं असतं. पण कवळी येते नेमकी शाळा सुरू होण्याच्या दिवसांत, दाखले, प्रवेश, कोण कुठला कागद विसरला. आणि पाड्यात सांगतात ते आदल्या संध्याकाळी. पंचवीस वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. बाबा होते तोवर ते पान त्यांचं होतं, मला काळजी नव्हती. ते गेल्यावर पान कुणाचं, हा प्रश्न मी मनातच ठेवला. विचारलं नव्हतं तोवर पान मांडलेलं होतं. शाळेत जन्मभर दुसऱ्यांचे दाखले लिहिलेल्या माणसाची ही अवस्था. कुणाचा मुलगा कुठल्या गावचा, हे मी खाली सही करून छातीठोक सांगतो. माझ्या बाबतीत विचारायची हिंमत होत नव्हती.

या वर्षी उन्हाळ्यात परिषदेच्या बैठकीत मी एक कल्पना मांडली. परिषदेच्या कामाला हातभार लावणारी मुंबईची काही मंडळी पावसाळ्याच्या सुरुवातीला येणार होती. त्यांना बांध दाखवू, झरे दाखवू, आणि त्याच दिवशी रानभाजी महोत्सव करू. 'महोत्सव' हा शब्द मीच काढला. कुणालाही विचारलं तर सांगतील, मी तो बैठकीत आठ-दहा वेळा उच्चारला.

"तारीख कोण ठरवला?" काकी म्हणाली.

"मी. पाहुण्यांना आधी कळवावं लागतं."

"पावसाला इचारलास?"

"काकी, दरवर्षी त्या तारखेपर्यंत पाऊस पंधरा दिवसांचा झालेला असतो."

"बरं," ती म्हणाली. काकीचं 'बरं' हे 'बरं' नसतं, पण कार्यवृत्तात ते 'सर्वानुमते मंजूर' असंच लिहावं लागतं.

पाऊस उशिरा आला. आला तोही डोंगराच्या खालच्या अंगाला आधी, आमच्याकडे मागाहून. मी जव्हारला बॅनरच्या अक्षरांत गुंतलो होतो. बॅनरवरही शिक्क्यातलं झाड मोठं करून टाकलं. मोठं केल्यावर त्याच्या फ्लावर असण्याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

महोत्सव मोखाड्याजवळच्या एका शाळेच्या पडवीत होता. बाया सकाळीच आल्या, डोक्यावर भांडी, भांड्यांवर फडकी. बेंच जोडून टेबलं केली होती. मी प्रत्येक भांड्यापुढे ठेवायला भाज्यांच्या नावांच्या पाट्या लिहून आणल्या होत्या. अक्षर अर्थातच सुंदर. फडकी निघाली. पहिल्या भांड्यात उडदाची आमटी. दुसऱ्यात सुकट. तिसऱ्यात लाल भोपळा. मग शेवग्याचा पाला, मग पुन्हा सुकट, नागलीच्या भाकऱ्यांची चळत, कैरीचं लोणचं. एका उत्साही गटाने सोयाबीनच्या वड्या केल्या होत्या.

"काकी, रानभाजी कुठाय?"

"रानात."

"म्हणजे?"

काकीने माझ्याकडे असं बघितलं की मी आठ वर्षांचा झालो. "कुणाच्याच पाड्याची कवळी झाली नाय अजून. नवी भाजी कशी आणायची? तूच लिवलास ना तुझ्या वहीत?"

"मग मला फोन का नाही केलात?"

"तुना ठावं नसंल असं कुणाला वाटंल?"

हे वाक्य ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरोखरच आश्चर्याने बोलली.

पाहुण्यांची गाडी तासाभरावर होती. मी मोटारसायकल काढली. मोखाड्याच्या बाजारात खालच्या अंगाच्या दोन बाया कवळीच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या गावाची होऊन गेली होती. मी सगळ्या जुड्या उचलल्या, एका चहाच्या हॉटेलवाल्याला गाठलं, म्हटलं, काहीही कर पण अर्ध्या तासात भाजी करून दे. त्याने केली. ती घेऊन मी पडवीत पोचलो तेव्हा शर्ट भिजलेला, चष्म्यावर पाणी, आणि हातात पातेलं. बायको वाढायला मदत करायला आली होती. तिने पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि झाकण ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी असं झाकण ठेवण्याचा अर्थ मला नेहमी उशिरा कळतो.

पाहुणे आले. फार चांगली माणसं. त्यांतल्या एक बाई तर इतक्या अदबीने बोलायच्या की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं. मी कवळीचं भांडं पुढे केलं. बाई म्हणाल्या, "ही तुमची भाजी, तुमच्या मातीतली. पहिला घास तुम्ही घ्या, मग आम्ही." कुणीतरी कॅमेरा वर केला.

चाळीसेक बाया माझ्याकडे बघत होत्या. पडवीत पागोळ्यांचा तेवढा आवाज. मी म्हणू शकलो असतो, 'बाई, आमच्या गावाची कवळी अजून झाली नाही, मला चालत नाही.' पाहुण्या बाईंना केवढा आनंद झाला असता! हीच गोष्ट तर त्या बघायला आल्या होत्या. त्यांनी ती वहीत लिहून घेतली असती. पण हे मला सुचलं संध्याकाळी, घराकडे जाताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर. त्या वेळी माझ्या डोक्यात बॅनर होता, कॅमेरा होता, आणि 'सचिव' म्हणून पुढे केलेला माझा स्वतःचाच हात होता. मी घास घेतला. वर "वा!" म्हटलं. ते 'वा' मला अजून ऐकू येतं.

मागून एक बाई म्हणाली, "चला, साहेबांची कवळी झाली."

हसण्याची एक लाट उठली आणि विरली. काकी हसली नाही. तिने सुकटीच्या भांड्यावर फडकं ओढलं, जणू तिथे काही झाकण्यासारखं घडलं होतं.

त्या भाजीत, सांगायला लाज वाटते, हॉटेलवाल्याने टोमॅटो आणि गरम मसाला घातला होता. पंचवीस वर्षांनी कवळी खाल्ली, तीही वेळेआधी, आणि चव लागली मिसळीची. पाप केलं तेही टोमॅटो घालून. पाहुण्यांना सगळ्यांत जास्त आवडली ती सुकट.

घरी आल्यावर बायकोला विचारलं, "तू का नाही खाल्लीस?"

ती वाडा तालुक्याकडची, सपाटीवरची. त्यांच्याकडे हा नेम नाही. तरी म्हणाली, "मी त्या घरची सून आहे ना."

"मला आठवलंच नाही गं."

"तुम्हाला शिक्का आठवतो." मग बराच वेळ भांडी लावत राहिली आणि शेवटचं ताट ठेवताना म्हणाली, "या वर्षी कवळीला जायचं. रजा काढा."

"आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तोंड एकच आहे तुम्हाला. धुऊन जा."

चार-पाच दिवसांनी काकाचा फोन आला. पाड्यात रेंज नाही. वरच्या कातळावर चढलं की येते. काका फोनवर बोलतो ते पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखं. "पोऱ्याऽ! उद्या कवळी हाय! येतास का?"

मी बावन्न वर्षांचा आहे. मला 'पोऱ्या' म्हणणारं आता ते एकच माणूस उरलं आहे.

"काका, माझं ते त्या दिवशी…"

"कळला मना! तू ये तं खरा!" आणि रेंज गेली.

किरकोळ रजेचा अर्ज मी लिहिला आणि मीच आवक नोंदवहीत चढवला. सकाळी दोघं मोटारसायकलवर निघालो. पिशवीत नारळ होता. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवत होतो. चूक कबूल करायची, दंड असेल तो भरायचा. वाक्यं जुळवली तर ती अर्जासारखी व्हायला लागली: 'उपरोक्त विषयास अनुसरून.' डांबर संपलं आणि मातीचा रस्ता लागला तेव्हा ती सगळी गळून पडली. माझ्या तोंडातल्या 'आहे'चं 'हाय' कुठे होतं ते मला नेमकं माहीत आहे. ते त्या उतारावर होतं.

काकी ओटीवर बसून विळी धूत होती. बायको तिच्याबरोबर पात खुडायला निघाली. मीही वाकलो, कातळाच्या कडेला दिसलेल्या पहिल्या पातीकडे हात नेला.

"तू नको खुडू," काकी म्हणाली. "तू लाकडं आण."

मी लाकडं आणली. पेंढा राहतो त्या घराच्या मागे पावसात भिजू नयेत म्हणून रचलेली होती, ती गावदेवीपर्यंत. चार खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला तळहातात लाकडाचं कुसळ शिरलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कुणी मला सावलीत बसून नावं लिहायला सांगितलं नाही, असा इतक्या वर्षांतला तो पहिला दिवस.

गावदेवी उंबराखाली आहे. देवी म्हणजे शेंदूर लावलेला दगड. भांडं चुलीवर चढलं होतं. पात चिरून पडली, वर वालाचे दाणे, मीठ, बास. पाड्यातली माणसं गोळा झाली. कुणी मला "साहेब, बसा" म्हणालं नाही. कुणी "चल, निघ" असंही म्हणालं नाही. भांड्यातून वाफ यायला लागली तसा तो वास आला. हिरवा, थोडा मातीचा, ओल्या हाताचा. लहानपणी बाबा आपल्या पानातलं सगळं खायचे नाहीत. शेवटचा घास बोटांनी गोळा करायचे आणि मला म्हणायचे, "हात कर." मी ओंजळ करायचो. एका घासाला ओंजळ कशाला, असं ते दर वर्षी विचारायचे, आणि मी दर वर्षी करायचो.

काकी पानं मांडायला लागली. एक पान ठेवायची आणि त्या चुलीच्या कर्त्या माणसाचं नाव घ्यायची. मी पायांकडे बघत ऐकत होतो. पाड्यातल्या घरांचा क्रम मला अजून पाठ आहे, वरच्या अंगाकडून खाली. ज्या घरातली माणसं समोर उभी होती त्यांची पानं पडली. वीटभट्टीवर गेलेल्या एका घराचं पान पडलं, तेव्हा मला जरा आशा वाटली. पण ते घर अजून दिवाळीनंतर जातं, पावसाला परत येतं. त्याला कुलूप नाही. शेवटून दुसरं घर काकाचं. काकीने ते पान ठेवलं, काकाचं नाव घेतलं, आणि कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

मी उंबराच्या मुळावर चाललेल्या मुंग्या बघितल्या. बऱ्याच होत्या.

मग काकीने ढिगातून आणखी एक पान घेतलं. त्यावरचं पाणी पदराने पुसलं. काकाच्या पानाशेजारी ठेवलं आणि माझ्या बाबांचं नाव घेतलं, अगदी सहज, जणू ते मागे लाकडं आणायला गेले होते.

मी मुंग्या सोडून वर बघितलं. "काकी, दर वर्षी मांडतीस?"

"मग? घर हाय ना तिथं?"

"आणि खातं कोण?"

"तुझा काका. दोन पानं खातो दर साली. प्वाट बघ त्याचं."

काकाने पोटावरून हात फिरवला. सगळे हसले, मीही हसलो, आणि माझा चष्मा पुसायला काढावा लागला. वाफ होती.

देवीला घास ठेवला. मी नारळ दिला, काकाने तो फोडला, पाणी दगडावर ओतलं. पानांवर भाजी वाढली गेली. बाबांच्या पानावरही, तेवढीच. मी त्या पानासमोर बसायला गुडघे वाकवले.

"तू नाय," काका म्हणाला.

मी तसाच अर्धवट वाकलेला.

"पान घराचा हाय," काका म्हणाला. आवाजात राग नव्हता. आज ऊन नाही असं सांगावं तसं. "तू खाऊन बसलास. तुना औंदा नाय."

"नारळ दिलाय काका. आणि दंड काय असेल तो…"

"दंड कसला? नारळ देवीनं घेतला. पण तुझी कवळी खाऊन झाली ना? एका साली दोनदा कशी व्हईल?"

माझ्या वहीत, लाल रेघेच्या वर, हेच लिहिलेलं होतं. मी बाजूला झालो.

"सूनबाई," काका म्हणाला, "तू बस."

बायको पदर सावरून बाबांच्या पानासमोर बसली. वाड्याकडची, सपाटीवरची माझी बायको. मी तिच्या मागे उंबराला टेकून उभा राहिलो. मला वाटलं होतं, ती दोन घास खाईल आणि माझ्यासाठी हळहळेल. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि निवांत खायला लागली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"मीठ जरा कमी आहे." आणखी एक घास. "छान आहे."

शेवटी तिने पानावरचे वालाचे दोन दाणे बोटाने गोळा केले. क्षणभर बोट थांबलं. माझी ओंजळ, देवाशपथ सांगतो, थोडीशी वर आली होती. तिने ते दाणे स्वतःच्या तोंडात घातले. बरोबरच केलं.

निघताना काकी ओटीवरून म्हणाली, "त्या जामसरच्या म्हाताऱ्याला सांग, आमच्याकडं काढत नाय बंद घराचं पान. आन् तुझ्या वहीत पण लिव."

मी खिसे चाचपले. वही आणली नव्हती, पेनही नव्हतं.

"मग ध्यानात ठेव," काकी म्हणाली आणि विळी आत घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर धुकं उतरलं होतं. थंडी वाजायला लागली तसा बायकोने मागून उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तो तिने काकीच्या रांजणातल्या पाण्याने धुतला होता, तरी बोटांना वास होता. हिरवा, थोडा मातीचा. मान जराशी उजवीकडे केली की तो अगदी जवळ यायचा. वास घेणं हे खाण्यात धरतात का, ते काकाला विचारायचं राहिलं होतं.

"समोर बघा," ती म्हणाली.

मी समोर बघितलं. पुढचं वळण गेलं की पुन्हा मान उजवीकडे केली.